ट्रॅक्टरचा ताप मोजताना

बैल दमला की दिसतो. तोंडाला फेस येतो, पाऊल जड पडते, मान खाली जाते आणि हाकणारा मुकाट्याने झाडाखाली जू उतरवतो. उन्हाळ्यात औत पहाटे जुंपायचे आणि ऊन चढायच्या आत सोडायचे, हा यवतमाळ जिल्ह्यातला शिरस्ता बैलांच्या अशाच खुणा ओळखून पडला. ट्रॅक्टरला असा शिरस्ता नाही. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी तो भर दुपारी काळ्या रानात नांगर ओढत असतो, कारण भाडे तासावर नाहीतर एकरावर ठरलेले असते आणि पुढच्या शेताचा मालक धुऱ्यावर येऊन उभा राहिलेला असतो. ट्रॅक्टरच्या तोंडाला फेस येत नाही. त्याचा दम सांगायला डॅशबोर्डवर एक लहानसा काटा असतो. कुणी त्याला टेम्परेचर मीटर म्हणते, कुणी सरळ हीट मीटर.

अडचण अशी, की आठ-दहा हंगाम काढलेल्या अनेक ट्रॅक्टरांवर हा काटा मेलेला असतो. काच उन्हाने पिवळी पडलेली, वायर उंदराने कुरतडलेली, नाहीतर सेन्सर कधीतरी दुरुस्तीत काढून त्या जागी नुसता बोल्ट ठोकलेला. जो काटा चालतो, त्यावरही बहुधा आकडे नसतात. एक हिरवा पट्टा आणि एक लाल पट्टा, एवढेच. हिरव्यातून लाल पट्ट्यात काटा शिरेपर्यंत आत काय चालले आहे, ते कळायला मार्ग नसतो. मग रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडतो आणि तेव्हा मिस्त्रीला फोन जातो. हेड गॅस्केट गेले असेल तर काम एका दिवसावर भागते. हेड वाकले किंवा पिस्टन लायनरमध्ये जाम झाला, तर इंजिन खोलावे लागते, हजारो रुपये जातात आणि त्याहून वाईट म्हणजे ऐन हंगामात ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहतो. ट्रॅक्टर कर्जावर असेल तर हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरला बाहेरून विकत घेतलेला, आकडे दाखवणारा मीटर बसवणे हा काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंतचा खर्च शहाणपणाचा आहे. पण दुकानातल्या काचेच्या कपाटात दहा प्रकारचे मीटर शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. कोणता घ्यावा, हे ठरवायला आधी इंजिन तापते कसे आणि निवते कसे, ते पाहायला हवे.

दहा गिझरांची आग

डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्साच चाकांपर्यंत आणि नांगरापर्यंत पोचतो. जवळपास तेवढाच हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाराखाली तासाला पाच-सहा लिटर डिझेल जाळतो. त्या हिशेबाने पाण्यात उतरणारी उष्णता म्हणजे घरातले दहाएक गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे होते. ही सगळी उष्णता रेडिएटरच्या जाळीतून हवेत फेकायची असते.

हवेत किती उष्णता जाईल, हे पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा १५ अंशांवर असेल, म्हणजे डिसेंबरची सकाळ, तर फरक ७५ अंशांचा. तेच पाणी, तेच रेडिएटर आणि मेमधली ४५ अंशांची दुपार घेतली तर फरक उरतो ४५ अंश. रेडिएटरची ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी घटली. शिवाय याच महिन्यात नांगराचा फाळ उन्हाने कडक झालेल्या काळ्या मातीत वीतभर शिरलेला असतो, म्हणजे इंजिनावर वर्षातला सगळ्यात जड भार असतो. थंड व्हायची सोय सर्वांत कमी आणि ओझे सर्वांत जास्त, अशी ही गाठ पडते.

उन्हाळा सरला म्हणून धोका सरत नाही. १ जुलैला गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन साजरा होतो, तोवर नांगरणी आटोपलेली असते आणि इंजिनाला उसंत मिळते. पण ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की ट्रॅक्टर एका जागी उभा राहून पीटीओवर थ्रेशर फिरवतो. सगळीकडे कुटार उडते. पंखा समोरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर कुटारही. तासाभरात रेडिएटरच्या जाळीवर त्याचा थर चढतो. हवा ३२ अंशांची असली तरी ती आत पोचतच नाही. कापूस निघाल्यावर उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घालतात, तेव्हाही धूळ, सुकी पाने आणि कापसाचे तंतू मिळून तीच गोधडी विणतात. पुसद-उमरखेडकडे उसाची भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर गरम होतो तो वेगळाच.

यात भर पाण्याची. विहिरीचे, बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिले, की चहाच्या भांड्याच्या तळाला जसा पांढरा थर बसतो, तसा तो इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतो. हा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. तो सेन्सरच्या टोकावरही बसतो आणि काट्याला मंद करतो.

बर्फातही इंजिन तापते

गरम प्रदेशातच इंजिन तापते, असे मात्र नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू ही बर्फावरची हलकी गाडी बाजारात आणली. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, त्याला स्नोमोबाइल म्हणतात. नंतरच्या काळात या गाड्यांची इंजिने पाण्यावर थंड होणारी झाली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना मोटारीसारखे समोरचे रेडिएटर दिले नाही. गरम पाणी पट्ट्याच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पन्हाळीतून फिरवले आणि पट्टा जो भुसभुशीत बर्फ उडवतो, त्याच्या माऱ्याने ते थंड होऊ दिले. भुसभुशीत बर्फ असेपर्यंत हे उत्तम चालते. पण वाट दगडासारखी गोठलेली असली, बर्फ उडेनासा झाला, की बाहेर शून्याखाली वीस अंश असतानाही इंजिन उकळू लागते. म्हणून तिथले चालक बाजारातून वेगळे मीटर आणून हँडलजवळ बसवतात.

कुटाराने बुजलेले रेडिएटर आणि बर्फ न उडवणारी वाट यांत तत्त्वतः फरक नाही. इंजिन उष्णता बाहेर टाकायला ज्या गोष्टीवर विसंबते, ती गोष्ट खंडली की बाहेरचे हवामान उपयोगी पडत नाही. हवामान पाहून इंजिनाचा अंदाज बांधता येत नाही, तो मोजूनच घ्यावा लागतो.

त्याच १९५९ साली फरीदाबादला आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. हवेवर थंड होणारी इंजिने ही मूळच्या जर्मन आयशरची ओळख होती आणि तशा घडणीचे ट्रॅक्टर भारतीय शेतात अनेक वर्षे राबले. अशा इंजिनात पाणी नसते, रेडिएटर नसते. सिलिंडरवरच्या लोखंडी पात्यांवरून पंखा हवा फेकतो. त्याला पाण्याचा मीटर बसवायला जागाच नसते. तिथे सिलिंडर हेडच्या धातूचे तापमान मोजणारा सेन्सर लागतो, हेडच्या बोल्टखाली कड्यासारखा बसणारा. हवेवर थंड होणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये तसेच कडे स्पार्क प्लगखाली बसते. धातूचे तापमान पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून त्या मीटरची पट्टीही वेगळी असते. तेव्हा दुकानात जाण्याआधी पहिला प्रश्न घरीच सोडवायचा: आपले इंजिन पाण्यावर थंड होते की हवेवर?

शकुंतलेच्या इंजिनातली नळी

पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या मीटरच्या मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली यांत्रिक. हिच्यात वायर नसते, बॅटरी लागत नाही. टोकाला पितळेचा बोटभर बल्ब, त्यातून निघालेली केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. बल्बमध्ये लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असतो. पाणी तापले की त्याची वाफ दाबाने नळीत चढते आणि तबकडीच्या आतली वाकडी चपटी नळी सरळ होऊ पाहते. ती सरळ होताना काटा फिरवते.

ही वाकडी नळी फ्रान्सच्या युजेन बूर्दों यांनी १८४९ साली पेटंट केली, ती वाफेच्या इंजिनातला दाब मोजण्यासाठी. यवतमाळकरांनी तिचे काम अनेक वर्षे पाहिले आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरची शकुंतला १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावत असे. एप्रिल १९९४ मध्ये तिला डिझेल इंजिन जोडले गेले. त्या वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी असत: बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आणि वाफेचा दाब दाखवणारी तबकडी. दाबाच्या त्या तबकडीतली नळी आणि आज काउंटरवर मिळणाऱ्या यांत्रिक हीट मीटरमधली नळी, दोन्ही एकाच कुळातल्या. पाण्याची काच ड्रायव्हर दाबाइतकीच जपे, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या काचेकडे पुन्हा यायचे आहे.

यांत्रिक मीटर बॅटरी उतरली तरी चालतो आणि तांब्याची नळी उंदीर कुरतडत नाहीत. त्याच्या तबकडीवर खालचे आकडे दाटीने आणि वरचे ऐसपैस असतात, त्यामुळे धोक्याच्या भागात एक-दोन अंशांचा फरकही डोळ्याला दिसतो. उणीव अशी, की नळी कापता येत नाही, जोडता येत नाही. ती एकदा दुमडून मोडली की आतला द्रव जातो आणि मीटर कायमचा संपतो. म्हणून बल्बाच्या जागेपासून डॅशबोर्डपर्यंत सुतळी धरून अंतर मोजावे, त्यात हात-दीड हाताची भर घालावी आणि मगच तेवढ्या लांबीचा मीटर मागावा. उरलेली नळी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून बांधली की इंजिनाची थरथर ती सोसते.

दुसरी जात विजेची. इंजिनात सेन्सर, डॅशबोर्डवर काटा आणि मध्ये एक वायर. सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्यातून वीज अधिक सहज वाहते. तापल्यावर रोध कमी होण्याचा हा उलटा स्वभाव मायकेल फॅराडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पहिल्यांदा पाहिला होता. ही जात स्वस्त आहे, वायर हवी तेवढी लांब नेता येते, तुटली तर जोडता येते. मात्र तिच्यात एक खोच आहे आणि पैसे बहुधा तिथेच वाया जातात. प्रत्येक घडणीच्या सेन्सरचा रोध वेगळा असतो. एका प्रचलित घडणीचा सेन्सर ४० अंशांवर सुमारे २९० ओहम आणि १२० अंशांवर सुमारे २२ ओहम दाखवतो. दुसऱ्याचे आकडे अगदी निराळे. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर काटा फिरतो, दिवा लागतो, सारे ठीक दिसते, फक्त आकडा खोटा असतो. म्हणून मीटर आणि सेन्सर एकाच डब्यातली जोडी घ्यावी. जुना सेन्सर चांगला आहे म्हणून नुसता मीटर आणू नये.

तिसरी जात डिजिटल, आकडे थेट दाखवणारी, बहुधा बझरसह. सेन्सरचे तत्त्व दुसऱ्या जातीसारखेच. एका अंशाची वाढही तिच्यात लगेच दिसते. पण ट्रॅक्टरला छत असते किंवा नसते, आणि मेच्या उन्हात लाल किंवा निळे चमकणारे आकडे फिके पडून वाचता येत नाहीत. काही पडदे तर गरमीने काळवंडतात. दुकानात पंख्याखाली पाहून डिजिटल मीटर पसंत करू नये. तो बाहेर आणून, उन्हात धरून, उभ्याने वाचून पाहावा.

काउंटरवरचा संवाद

"भाऊ, हीट मीटर द्या एक."

"कोणत्या ट्रॅक्टरचा?"

बहुतेक खरेदी एवढ्यावरच उरकते. दुकानदाराला दोष नाही. त्याला पुढचे काही विचारलेच जात नाही. खरे तर विचारायचे बरेच आहे.

पहिले, सेन्सरचे आटे. हेडवरच्या छिद्राचे आटे दहा, बारा, चौदा, सोळा मिलिमीटरचे मेट्रिक असतात, किंवा इंची मापाचे. जवळपासच्या मापाचा सेन्सर दोन फेरे आत जातो आणि मग अडतो. जोर लावला तर हेडचेच आटे जातात. जुना सेन्सर किंवा तिथला बोल्ट काढून खिशात घालून दुकानात नेणे, हा सर्वांत सोपा उपाय. सोबत तांब्याचा नवा वॉशर घ्यावा.

दुसरे, पट्टी. ४० ते १२० अंश सेल्सिअसची तबकडी ट्रॅक्टरला योग्य. अमेरिकी बाजारासाठी बनलेले काही मीटर फॅरेनहाइटमध्ये असतात. त्यांवर १८० म्हणजे ८२ अंश आणि २२० म्हणजे १०४ अंश. मालकाला ते ठाऊक असले तरी गुढीपाडव्याला नव्याने कामावर लागलेल्या ड्रायव्हरला ठाऊक असेलच असे नाही. सेल्सिअसचाच घ्यावा.

तिसरे, धूळ. डब्यावर आयपी ६५ किंवा आयपी ६७ असे लिहिलेले असते. यातला पहिला ६ धुळीचा. तो असेल तर आत धूळ शिरत नाही. दुसरा आकडा पाण्याचा. कापसाच्या जिल्ह्यात पहिला आकडा अधिक मोलाचा.

चौथे आणि सर्वांत मोलाचे, आवाज. नांगरणी करणारा ड्रायव्हर पुढे कमी आणि मागे जास्त पाहतो. त्याची नजर फाळावर, तासावर, धुऱ्यावर असते. मळणीच्या वेळी तो ट्रॅक्टरवर बसलेलाही नसतो. थ्रेशरपाशी पेंढ्या टाकत असतो. समोरच्या काट्यावर कितीही अचूक आकडा आला तरी तो पाहणारे डोळे तिथे नाहीत. म्हणून ठरावीक तापमानाला वाजणारा बझर हवाच, आणि तो असा, की विनाकेबिन ट्रॅक्टरच्या नव्वद डेसिबलच्या आसपासच्या गोंगाटातही ऐकू येईल. मीटरमध्ये बझर नसेल तर वेगळा तापमान-स्विच आणि मोटारसायकलचा हॉर्न जोडूनही काम भागते. दोन मीटरांत निवड करायची असेल आणि एक दिसायला देखणा, दुसरा ओरडणारा असेल, तर ओरडणारा घ्यावा.

नवा ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी डीलरला विचारून घ्यावे.

सेन्सर कुठे बसवायचा

सेन्सरची उत्तम जागा म्हणजे सिलिंडर हेडमधून गरम पाणी बाहेर पडते तिथली, थर्मोस्टॅटच्या अलीकडची. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची आपोआप उघडणारी झडप. साधारण ८२ अंशांच्या आसपास ती उघडू लागते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. हेडवर जागा नाही म्हणून काही जण वरच्या रबरी पाइपात धातूचा जोड टाकून त्यात सेन्सर बसवतात. हे सोपे आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ती जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडे असल्याने झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिन उकळत असतानाही मीटर थंडच दाखवेल. दुसरे, एका वायरच्या सेन्सरला अर्थ इंजिनाच्या लोखंडातून मिळते. रबरी पाइपात ती मिळत नाही, म्हणून जोडापासून इंजिनापर्यंत अर्थची वेगळी वायर न्यावी लागते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळले तरी अर्थ तुटते आणि काटा कमी दाखवू लागतो.

जुना मीटर खरेच मेला आहे का, हेही आधी पाहावे. चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढली आणि क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, की बहुतेक विजेच्या मीटरांचा काटा थेट लालमध्ये जातो. गेला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत, सेन्सर बिघडला आहे. मग शे-दोनशेच्या सेन्सरवर भागेल.

नवा मीटर बसवण्याआधी त्याची परीक्षा चुलीवर घेता येते. मीटर बॅटरीला जोडून सेन्सरचे टोक उकळत्या पाण्यात धरायचे. शंभर दाखवायला हवे असे वाटेल. पण यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. मीटर ९७ ते १०० दाखवत असेल तर तो विश्वासाचा. ९० किंवा १०८ दाखवत असेल तर परत करावा. पडताळणीची दुसरी सोय म्हणजे ताप मोजायची बंदूक. अशा बंदुका कोरोनाच्या काळात घरोघर आल्या, पण त्या माणसाच्या अंगाच्या तापापुरत्या असतात. इंजिनासाठी कारखान्यात वापरतात ती बंदूक लागते. तीही चकचकीत धातूवर चुकते, काळ्या रंगाच्या भागावर किंवा रबरी पाइपावर बरोबर दाखवते.

काटा फसवतो तेव्हा

चांगला मीटर लावूनही इंजिन जळते, असे घडते. त्याचे कारण शकुंतलेच्या त्या पाण्याच्या काचेत आहे. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच पाण्याचे तापमान सांगतो. पाइप फुटला, पाणी वाहून गेले आणि सेन्सर रिकाम्या पोकळीत उघडा पडला, की हेड भाजून निघत असतानाही काटा चढत नाही. कधी तर खाली येतो. चढावर भार असताना काटा अकारण उतरला, तर तो आनंदाचा नव्हे, ट्रॅक्टर थांबवण्याचा इशारा आहे. हा धोका ओळखूनच अवजड यंत्रांवर पाण्याची पातळी कमी झाल्याचा वेगळा दिवा असतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरलाही असा पातळीचा सेन्सर बसवता येतो. तो नसेल तर सकाळी थंड इंजिनाचे झाकण उघडून पाणी पाहणे हाच त्याचा पर्याय.

धोक्याचा आकडा सगळ्या ट्रॅक्टरांना सारखा नसतो, कारण तो रेडिएटरच्या झाकणावर अवलंबून असतो. झाकण आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. ७ पीएसआयचे झाकण असेल तर साधे पाणी ११० अंशांच्या आसपास उकळेल, १३ चे असेल तर ११८ च्या. झाकणाचे रबर कडक होऊन चिरले असेल, तर मात्र ते ९८ अंशांनाच उकळून बाहेर येईल. शे-दीडशे रुपयांचे झाकण बदलले आणि ट्रॅक्टरचे उकळणे थांबले, असे म्हणूनच होते. पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घातले तर उकळबिंदू आणखी काही अंशांनी वर जातो आणि गंजही धरत नाही. कूलंटमध्ये मिसळायचे पाणी बोअरचे नको, डिस्टिल्ड हवे.

आणखी एक चूक विदर्भात ऐकू येते. गाडी गरम होते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतो. नव्या मीटरवर मग ६०-६५ दिसते आणि मालक खूश होतो. पण डिझेल इंजिन ८० ते ९५ अंशांत चालावे म्हणून घडवलेले असते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी ऑइलमध्ये उतरते, लायनर लवकर झिजतो. खाली अडकलेला काटा हाही आजारच असतो.

बझर वाजला तर काय करायचे, हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायला हवे, कारण घाबरून केलेल्या दोन गोष्टी घात करतात. एक, झाकण उघडणे: दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. दोन, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे: हेडला तडा जातो. आधी नांगर उचलायचा, भार काढायचा. फॅनचा पट्टा शाबूत असेल आणि पाणी गळत नसेल, तर इंजिन हळू चालू ठेवायचे. पंखा आणि पंप फिरत राहतात आणि चार-पाच मिनिटांत काटा उतरू लागतो. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर मात्र त्याच क्षणी बंद करायचे.

नवा मीटर बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच एक काम करण्याजोगे आहे. डिझेल आणि तासांचा हिशेब ज्या वहीत लिहिला जातो, तिच्यातच रिकामा ट्रॅक्टर, भरलेली ट्रॉली आणि नांगर लावलेला ट्रॅक्टर, असे तीन वेळचे आकडे लिहायचे आणि शेजारी त्या दिवसाचे ऊन. समजा एखाद्याचा ट्रॅक्टर नांगराखाली ८८ वर स्थिर राहतो. मग पुढच्या मोसमात तशाच रानात, तशाच उन्हात तो ९४ दाखवू लागला, तर अजून काही बिघडलेले नसते, लाल पट्टा दूर असतो, बझरही गप्प असतो. पण ते सहा अंश कुठून आले, हे शोधायला वेळ हातात असतो. पट्टा ढिला झालेला असेल, जाळीवर कुटार बसले असेल, नाहीतर आत क्षारांचा थर वाढला असेल. ट्रॅक्टर थांबवून, जाळी उलट्या बाजूने हवा मारून झटकली आणि काटा पुन्हा ८८ वर आला, की वहीतल्या त्या ओळीपुढे फक्त दोन शब्द लिहायचे राहतात: जाळी साफ.